वारसा शरीराचा, दोष कोणाचा?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. परंतु आजाराचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा आणि खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न अर्थशास्त्राचेही आहेत.

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकतात, किंवा अन्नाची वाटच वळवितात. भूक मंदावते, वजन उतरते. पण तीच शस्त्रक्रिया एकाला भरपूर गुण देते, दुसऱ्याला बेताचा. मग लोक म्हणतात, ‘याचा जिभेवर ताबा नाही.’ हा निवाडा न्याय्य आहे काय?

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही शस्त्रक्रिया झालेल्या रक्ताच्या नातलगांच्या वजनातील घट पुष्कळशी सारखी आढळली. एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचे नाते नसलेल्यांत तसे साम्य दिसले नाही. म्हणजे चूल एक असूनही फळ वेगळे.

आपल्या मुंबईतील उदाहरण घ्या. इजिप्तच्या एमान अहमद या महिलेला २०१७ साली सैफी रुग्णालयात आणले गेले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. मार्चमध्ये तिच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली. तपासणीत लेप्टिनशी संबंधित जनुकात दोष आढळला. लेप्टिन हे संप्रेरक मेदाचा साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देते. तो निरोप घेणारी यंत्रणाच सदोष असेल, तर शरीर भरलेले असूनही मेंदू उपाशीच राहतो. आणि जठर लहान केल्याने तो दोष नाहीसा होत नाही. तिचे वजन उतरले. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, हृदय व मूत्रपिंडांच्या विकारांमुळे, अबुधाबीत तिचा अंत झाला. असे रुग्ण विरळा. बहुतेकांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. पण जन्मतः मिळालेल्या देहाबद्दल कोणालाही आरोपी ठरविता येत नाही, हे तत्त्व सर्वांनाच लागू आहे.

शिवाय वारसा केवळ जनुकांचा नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो, तरीही आपल्या कृश बालकांच्या अंगी मेद मात्र फारसा कमी नव्हता. अशा शरीराला कमी वजनातही मधुमेह गाठतो. पारनेर, कर्जत, जामखेडच्या दुष्काळी शिवारांत वाढलेल्यांना मातेच्या कुपोषणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता विम्याचे माप पाहा. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या नमुना अटींनुसार या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० हवा. गंभीर सहव्याधी असल्यास ३५. उलट, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे म्हटले आहे. शरीर येथले आणि माप परक्याचे, असा हा व्यवहार आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याला तो जाचत नाही, इतरांना जाचतो.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. गरोदर मातेला पुरेसा आहार, ही पहिली. कारण शस्त्रक्रिया हा अन्नाच्या धोरणाला पर्याय नव्हे. आणि ज्यांना शस्त्रक्रियेची खरी गरज आहे, त्यांच्यासाठी आपल्या देहाला अनुरूप माप व सार्वजनिक रुग्णालयात उपचार, ही दुसरी. शरीराचा वारसा कोणी निवडलेला नसतो; त्याचा भार मात्र समाजाने वाटून घ्यावयाचा असतो.