तिला कुणी विचारलेच नाही

धर्मांतराने श्रद्धा कितपत बदलते? १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हुसकावलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. हिंदू स्नेही म्हणाला, नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेही म्हणाला, बायको उद्या येईल, तिला विचारतो. हे जोडपे मूळचे ब्राह्मण. नवरा विचाराने उदार झालेला, बायको आचाराने सनातनीच, असे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले आहे.

आपण वाचक लगेच त्या बाईंना दोषी ठरवतो. पण ती त्या दिवशी गावात नव्हतीच! तिच्या सोवळ्याआड उदार नवऱ्यानेच दार लावले, असे मला वाटते. मुंबईची गाडी रात्री ९ ला होती. मधले पाच तास बाबासाहेबांनी कमाटीबागेत काढले.