मनाचे दुखणे बोलून बरे होते काय?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



प्रथम एक कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी चार महिने मी बुधवारच्या भजनाला येत नव्हते. दाताचे काम चालले आहे, असे सांगत असे. तुमच्यापैकी कितीजणींनी लवंगेचे तेल आणून दिले. एकीने तर मऊ भात पाठवला. भगिनींनो, माझे दात उत्तम आहेत! दर बुधवारी मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. दातासाठी जाते हे सांगायला लाज वाटली नाही. मनासाठी जाते हे सांगायला वाटली. ती लाज आज येथे उतरवून ठेवावी, म्हणून हा विषय घेतला आहे.

हकीगत अशी. माझ्या सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. रात्री दोनच्या सुमारास त्या हाक मारीत. त्यांना कुशीवर वळवावे लागे. त्या गेल्या त्या दिवशी, घरात सगळे रडत असताना, माझ्या मनात एकच शब्द आला : 'सुटले.' तो मी कोणालाही सांगितला नाही. पुढे रोज रात्री दोनला मला जाग येऊ लागली. छाती धडधडे, हातपाय गार पडत. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, सगळे ठीक. घरचे म्हणत, "मन घट्ट कर." बाहेरचे म्हणत, "आता मोकळी झालीस, चार ठिकाणी फिरून ये." दोन्ही प्रेमानेच म्हटलेले, परंतु दोन्हींमुळे तो शब्द अधिकच खोल गेला. अखेर आमच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी लिहून दिली.

पहिल्या ठिकाणी मला उपदेश मिळाला. तो घरी फुकट मिळत होता, म्हणून पुन्हा गेले नाही. दुसऱ्या बाई मात्र सांगत कमी आणि विचारीत जास्त. तिसऱ्या भेटीत तो शब्द माझ्या तोंडून निसटला. वाटले, आता बाई दचकणार. त्यांनी शांतपणे विचारले, "कोण सुटले? त्या की तुम्ही?" मी म्हटले, "दोघीही." आणि त्यानंतर अर्धा तास मी नुसती रडले.

पण रडून मोकळे होणे एवढाच हा उपाय नव्हे. बाईंनी मला वही घालायला लावली. एका रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात मनात आलेला विचार, तिसऱ्यात त्या विचाराला आधार काय आणि विरोधी पुरावा काय. 'मी वाईट सून' असे मी लिहिले. पुरावा शोधू लागले तेव्हा आठवले, की सहा वर्षांत सासूबाईंच्या पाठीवर अंथरुणाचा एकही व्रण झाला नव्हता. वाईट सुनेच्या हातून हे होते काय? मग ध्यानात आले, की 'चांगल्या सुनेला कधी थकवा येताच कामा नये' असा कायदा मीच मनात करून ठेवला होता. अमेरिकेत आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिचे मर्म हेच : 'असे व्हावे' ही इच्छा ठेवा, 'असे झालेच पाहिजे' हा हट्ट सोडा. अॅरन बेक यांनी १९६०नंतर विचार तपासून पाहण्याची ही रीत नैराश्यासाठी पुढे नेली.

बोलून बरे होण्याच्या या उपायाला नाव दिले तेही एका बाईनेच. १८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नात डॉ. ब्रॉयर यांच्याकडे बेर्टा पापेनहाइम नावाची तरुणी उपचार घेत होती. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली होती. डॉक्टरांशी बोलण्याला ती 'बोलण्याचा उपचार' म्हणे. कधी थट्टेने 'धुराडे साफ करणे' म्हणे. केवळ त्याने ती बरी झाली असे नाही. पुढेही तिला रुग्णालयांत राहावे लागले. पण याच बाईने १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला. आपल्या मंडळाला ती परकी वाटू नये!

दुखणे वेगळे तसा उपायही वेगळा. गर्दीची किंवा गाडीची भीती असेल तर एकेक पायरीने त्या भीतीला सामोरे जायला शिकवतात. नवराबायकोत बोलणे खुंटले असेल तर दोघांना एकत्र बसवतात. बाळंतपणानंतरची उदासी हा त्या मुलीचा आळस नव्हे. तोही उपचाराचा विषय आहे. तीव्र नैराश्यात माणूस एकेक काम टाकून देतो. तेव्हा लहान लहान कामे पुन्हा हाती धरायला लावतात. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग झाला. तेथे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींतच रुग्णांना चांगला गुण आला, असे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मात्र यात जादू नाही. मला चार महिने लागले. कोणाला अधिक लागतील. कानात आवाज येणे, रात्रीच्या रात्री झोप नसणे, असे काही असेल तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे लागतात. मधुमेहाची गोळी घेतो तशीच ती घ्यावीत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर थट्टेवारी नेऊ नका, एकटे सोडू नका आणि लगेच मदत आणा. केंद्र सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. समुपदेशकाकडे जाताना त्यांचे शिक्षण आणि शुल्क बेलाशक विचारा. जिवाला धोका नसेल तर तुमचे बोलणे त्यांनी गुप्तच ठेवले पाहिजे.

दोनला अजूनही मला कधी जाग येते. मग उठून बसते, धडधडीला येऊ देते. ती आपोआप ओसरते. कधी सासूबाईंची आठवण येते, आणि आता ती बोचत नाही.

आपल्याकडे एकमेकींना डबा पोचवण्याची रीत आहे, ती फार चांगली आहे. उद्या मंडळातली कोणी म्हणाली, "बुधवारी येणार नाही, दाताचे काम आहे," तर लवंगेचे तेल जरूर द्या. पण कोणता दात, हे विचारू नका. आणि सांगावेसे वाटलेच तर माझे घर तिला ठाऊक आहे, एवढे तिला कळू द्या.