शिसे की टंगस्टन?
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चवथीचे व्याख्यान म्हटले की आपली अपेक्षा असते ती एखाद्या संताची किंवा आपल्या हळर्णच्या किल्ल्याची. किल्ल्यावर माझ्यापेक्षा जास्त जाणणारी मंडळी समोरच बसली आहेत. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयला आपल्या गावाच्या नावाने ‘आलोर्नाचा मार्केझ’ ही पदवी मिळाली, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. म्हणून आज एका पत्र्याच्या डब्याविषयी बोलतो.

गेल्या चवथीला माझा भाचा अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आला. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकून बसतात आणि भोकातून गळ सोडतात. गळाच्या दांडीवरच वाटाण्याहून लहान, रंगवलेला धातूचा मणी ओतलेला असतो. त्याला ते जिग म्हणतात. आमचे दादा साठ वर्षे शापोरा नदीत पागेर टाकत आणि गरवत आले, म्हणून भाच्याने मामांसाठी भेट म्हणून तसल्या जिगांचा डबा आणला. लाल, हिरवे, पिवळे मणी. डबा पडवीत उघडा राहिला आणि माझ्या चार वर्षांच्या नातीने त्यातला एक पिवळा मणी गोळी समजून तोंडात टाकला.

सूनबाईने बोट घालून तो लगेच काढला. गळ टोचला नाही, हे नशीब. पण भाच्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “मामा, यातले नवे सगळे टंगस्टनचे आहेत, पण तळाशी माझे जुने शिशाचेही असतील. ती कोणता चघळत होती, कळत नाही.” रंगाखाली दोन्ही सारखेच.

माझी परीक्षा तिथे सुरू झाली.

पहिली कसोटी नखाची. जिगाच्या पोटाखाली चाकूने रंग खरवडायचा आणि उघड्या धातूवर नख दाबून ओढायचे. शिसे इतके मऊ की ओरखडा उठतो आणि आत ताजी चकाकी दिसते, ती काही दिवसांत काळवंडते. टंगस्टनवर नखच झिजते. मात्र शिशात अँटिमनी मिसळून ते कडक केलेले असले तर नख फसते. मग चाकूचे टोक वापरावे. ते कडक शिशातही रुतते, टंगस्टनमध्ये नाही.

दुसरी कसोटी कागदाची. उघडा धातू पांढऱ्या कागदावर ओढला की शिसे करडी रेघ सोडते. गंमत बघा, आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे औषधालाही नसते, असते ते ग्राफाइट. खरी शिसपेन्सिल त्या डब्याच्या तळाशी पडली होती. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. गळ पोलादाचा असल्याने तो कुठल्याही जिगाला ओढतो.

तिसरी कसोटी वजनाची आणि तीच खरी. शिशाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन ११.३४ ग्रॅम, टंगस्टनचे १९.२५. म्हणजे पाच ग्रॅमची शिशाची गोळी साधारण साडेनऊ मिलिमीटरची होते, टंगस्टनची आठची. बर्फावर बसणाऱ्याला हेच हवे असते. मणी बारीक, तरीही झटकन तळ गाठणारा.

मी शेजारच्या सोनाराकडून बारीक काटा आणला. जिग तोलला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याने जिग पाण्यात लोंबता सोडला, तळाला किंवा काचेला न टेकवता. काट्यावर दिसतो तो बाजूला सारलेल्या पाण्याचा आकडा. वजनाला त्याने भागायचे. शिसे असेल तर उत्तर अकराच्या आसपास येते, गळाच्या पोलादामुळे थोडे खालीच. टंगस्टन त्याच्या बरेच वर जाते, पण एकोणीस गाठत नाही, कारण ते शुद्ध नसते. टंगस्टन वितळायला ३,४२२ अंश सेल्सियस लागतात. म्हणून त्याची भुकटी दुसऱ्या धातूत बांधून, दाबून, भाजून मणी करतात. जिग अगदी हलके असतील तर एका जातीचे पाच-सहा एकत्र तोलावेत, नाहीतर काट्याची चूकच उत्तर खाऊन टाकते.

सोनार शेजारी उभा राहून हसत होता. सोने १९.३ आणि टंगस्टन १९.२५, तेव्हा ही पाण्याची परीक्षा सोन्याच्या आत टंगस्टन भरणाऱ्या ठकापुढे चालत नाही, असे त्याचे म्हणणे. खरे आहे. आमच्या कामापुरती मात्र ती पुरली.

हा उद्योग चालू असताना दादा येऊन बसले. त्यांनी डब्यातले दोन सारख्या मापाचे मणी दोन तळहातांवर घेतले, डोळे मिटले आणि एक माझ्याकडे टाकला. “हें शिशें न्हय मरे, हातांत घेवन बघ.” काट्यानेही तेच सांगितले. तेवीसपैकी सतरा टंगस्टन, सहा शिसे. नातीच्या तोंडातला पिवळा त्या सहांतला होता. त्याचा रंग शाबूत होता, तरी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. आकडा काळजी करण्यासारखा निघाला नाही.

मग माझ्या मनात आले, दादांच्या हाताला हे ज्ञान आले कुठून?

पागेराच्या घेराला शिशाचे मणी असतात. आमच्या पागेराला तीन-साडेतीन किलो भरतील. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या चुलीवर सहज. लहानपणी परसात जुन्या कढईत ते वितळायचे, वरची करडी साय दादा पळीने काढून माडाच्या मुळाशी टाकायचे आणि आम्ही पोरे तिथेच गोट्या खेळायचो. ती साय म्हणजे शिशाची भस्मे. घन मण्यापेक्षा तिची धूळ अंगात फार सहज जाते. गरवताना दोरीवरचा चिरलेला मणी दादा दातांनी दाबून बसवायचे. आजही बसवतात. मी विज्ञानाचा शिक्षक, शेजारी उभा राहून बघत होतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी निर्धोक ठरलेली नाही आणि मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषतात. ब्रिटनने हंसांसाठी १९८७ मध्ये शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरने लून पक्ष्यासाठी २०१६ पासून एक औंसापर्यंतचे शिशाचे जिग बंद केले. हा पक्षी अन्न दळायला खडे गिळतो आणि खड्यांबरोबर किंवा गळ गिळलेल्या माशाबरोबर शिसे त्याच्या पोटात जाते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आता दहा लाखांत ९० भाग आहे. पारंपरिक शेंदूरही शिशाचाच, हे देवघरातल्या मंडळींनी ध्यानात ठेवून हात धुतल्याशिवाय प्रसादाला लावू नयेत.

दादांचेही रक्त तपासले. त्यांचा आकडा नातीच्या कितीतरी पट निघाला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कुणीतरी त्यांच्या आयुष्याचा धंदा वाईट ठरवतो आहे असे त्यांना वाटले असावे. तो दोष माझ्या बोलण्याचा.

टंगस्टनचा पागेर करा, असे मी कुणाला सांगणार नाही. तीन किलो टंगस्टन घ्यायला परवडणार कुणाला? आमच्याकडे एवढेच झाले. कढई भंगारात गेली. मणी आता तयार विकत आणतो. दोरीवरचा मणी दाबायला दादांच्या खिशात छोटी पक्कड असते, ती सूनबाईने आणली. पागेर पडवीतून काढून विहिरीपाशी उंच खुंटीवर टांगला आहे, नातीचा हात पोचणार नाही इतका. खाली साबणाची वडी असते. परवा दादा काळुंदर घेऊन आले, तेव्हा आधी विहिरीवर गेले आणि मग ओट्यावर बसले.

ते सहा जिग मी काचेच्या बरणीत ठेवले आहेत. टंगस्टनचेही दोन आणले आहेत. व्याख्यान झाल्यावर ज्यांना हातात घेऊन ओळखून बघायचे असेल त्यांनी इकडे यावे. हात धुवायला पाणी मागच्या बाजूला आहे.