फ्लॅशचा क्षण आणि शटरचा वेळ

आषाढांतील काळोख्या रात्रीं वीज चमकली म्हणजे कित्येकदां एक चमत्कार डोळ्यांपुढून निसटून जातो. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडांत पावसाच्या ज्या अखंड रेघा दिसत होत्या, त्यांचे सुटे सुटे थेंब होऊन ते अधांतरीं थबकल्यासारखे भासतात. धांवत्या गाडीच्या चाकाचे आरेहि क्षणभर मोजून घ्यावे इतके स्थिर होतात. डोळा तोच, थेंबहि तेच. फरक पडतो तो उजेड किती काळ टिकला एवढ्याचाच. स्टुडिओंतील फ्लॅशच्या दिव्याचें मर्म या गोष्टींत सांठलेलें आहे, आणि तें ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ हौशी छायाचित्रकार नको त्या यंत्रावर पैसे खर्च करून बसतात.

१८५१ सालच्या जून महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनीं एक प्रयोग करून दाखविला. ‘टाइम्स’ वृत्तपत्राचा कागद एका चाकावर चिकटवून तें चाक त्यांनीं अंधाऱ्या खोलींत वेगानें फिरविलें, कॅमेऱ्याचें भिंग उघडें ठेविलें आणि विद्युत् सांठविणाऱ्या लायडन बरण्यांच्या संचांतून एक ठिणगी पाडिली. उमटलेल्या चित्रांत फिरत्या कागदावरचीं अक्षरें वाचतां येत होतीं! वेगवान् शटरचें येथें कांहींच काम नव्हतें. चाकाला थांबविलें तें ठिणगीच्या अल्पायुष्यानें.

आजच्या कॅमेऱ्याला शटर असतें खरें. पण फ्लॅशपुरतें पाहिलें तर त्याचें काम टॅल्बट यांच्या उघड्या भिंगाहून फारसें निराळें नाहीं. चित्रावर दोन उजेड पडत असतात आणि दोहोंचीं घड्याळें वेगळीं असतात. खिडकीचा किंवा घरांतल्या दिव्यांचा उजेड संथपणें झिरपत राहतो; शटर जितका वेळ उघडें, तितका तो अधिक सांठतो. फ्लॅशचा उजेड एकदम येतो आणि आपण होऊन संपतो. घंगाळांत तांब्याभर पाणी ओतल्यावर घंगाळ आणखी तासभर उघडें ठेविलें म्हणून पाणी वाढत नाहीं, त्याचप्रमाणें शटर सेकंदाचा ६० वा भाग उघडें राहिलें काय, किंवा २०० वा भाग राहिलें काय, फ्लॅशनें दिलेली प्रकाशाची मात्रा तीच राहते. ती बदलावयाची तर दिव्याची शक्ति बदलावी, भिंगाचें छिद्र लहानमोठें करावें, फिल्मची किंवा सेन्सरची संवेदनक्षमता बदलावी, नाहीं तर दिवा मागेंपुढें सरकवावा. उघडा लहान दिवा दुप्पट दूर गेला कीं उजेड सुमारें चौथाईवर येतो. शंका वाटल्यास बाकी सारें तसेंच ठेवून, फ्लॅश बंद करून एक चित्र घ्यावें. तें निखळ काळें आलें, तर खोलींतल्या उजेडाचा चित्रांत वांटा नाहीं हें उघड झालें.

जेथें दोन्ही उजेड हवे असतात, तेथें शटरला आपला मान परत मिळतो. दिवाळींत पणत्यांच्या रांगेपाशीं उभ्या राहिलेल्या मुलीचें चित्र घ्यावयाचें आहे. शटर २०० व्या भागावर ठेविलें तर चेहरा उजळ येतो आणि मागचें अंगण अंधारांत बुडतें. पाव सेकंद उघडें ठेविलें तर चेहऱ्यावरील फ्लॅशचा उजेड तेवढाच राहून पणत्या व अंगण खुलून येतें. मात्र त्या पाव सेकंदांत मुलगी हलली, कीं स्पष्ट चेहऱ्याच्या कडेला एक फिकट सांवली उमटते.

आतां शटर फार वेगानें चालविल्यास काय होतें तें पाहूं. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांत दोन पडदे असतात: पहिला सरकून चौकट उघडतो, दुसरा मागून येऊन ती झांकतो. सेकंदाच्या सुमारें २०० व्या किंवा २५० व्या भागापर्यंत क्षणभर तरी सारी चौकट उघडी असते. त्याहून वेग वाढविला कीं पहिला पडदा पोंचण्यापूर्वींच दुसरा निघतो व दोहोंमधली फट तेवढी सरकत जाते. मग फ्लॅश पडतो तो फटीपुरता. लग्नाच्या घोळक्यांतील निम्मीं माणसें काळ्या पट्ट्याआड गेलेलीं दिसतात, तीं यामुळें. आणि लग्न कांहीं पुन्हां लागत नाहीं. यावर उपाय म्हणून कांहीं दिवे फटीच्या साऱ्या प्रवासभर भराभर लुकलुकत राहतात. परंतु मग त्यांचा उजेड अखंड उजेडासारखा होतो, शटरच्या हिशेबांत सांपडतो, आणि शक्तीचा मोठा भाग पडद्यांवरच वायां जातो.

दुसरा घोटाळा खुद्द फ्लॅशच्या काळाविषयींचा. झेनॉन वायूच्या नळींतला उजेड क्षणार्धांत शिखरावर चढतो, पण उतरतो तो रेंगाळत. विक्रेते बहुधा शिखराच्या निम्म्याहून अधिक उजेड असलेला काळ छापतात. एकदशांशाहून अधिक उजेडाचा काळ साध्या दिव्यांत त्याच्या सुमारें तिप्पट भरतो. म्हणजे पत्रकावरचा १००० वा भाग व्यवहारांत ३०० वा ठरतो. एक मीटर उंचीवरून सुटलेला थेंब तळाशीं येतांना सेकंदास सुमारें ४.४ मीटर वेगानें पडत असतो; ३०० व्या भागांत तो जवळजवळ दीड सेंटिमीटर सरकेल. असा थेंब गोठवावयाचा असेल तर १०,००० व्या भागाचा फ्लॅश हवा. त्यांतहि तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलतोच. भिंगांत बसविलेलें पाकळ्यांचें शटर ५०० व्या भागावर ठेविलें, तर या रेंगाळत्या शेपटीचा तुकडा कापला जाऊन चित्र किंचित् काळसर येतें. २०२३ सालीं सोनी कंपनीनें सर्व चौकट एकदम वाचणारा कॅमेरा जाहीर केला. पडद्यांची अडचण त्यांत गेली, शेपटी कापली जाण्याची मात्र राहिली.

शक्ति कमी केली कीं फ्लॅशचा काळहि कमी होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नळीचा प्रवाह मध्येंच तोडणाऱ्या दिव्यांत ती खरी ठरते, आणि तांबूस शेपटी गळाल्यामुळें उजेड थोडा निळसरहि होतो. केवळ दाब उतरवून शक्ति कमी करणाऱ्या कित्येक जुन्या दिव्यांत मात्र नेमकें उलट घडून काळ लांबतो. दिवा कोणत्या जातीचा, हें विकत घेण्यापूर्वीं विचारलेलें बरें.

१९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें फिलिप हाल्समन यांनीं चित्रकार साल्वादोर दाली यांचें जें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, त्यांत दाली हवेंत उडालेले आहेत, तीन मांजरें अधांतरीं आहेत आणि बादलींतून फेंकलेल्या पाण्याची कमान तशीच तरंगत राहिली आहे. खुर्ची हाल्समन यांच्या पत्नीनें हातानें उचलून धरली होती. पाणी व मांजरें थांबविण्याचें काम विद्युत् फ्लॅशनें केलें; पण उडी, पाणी आणि मांजरें एका क्षणीं जुळविणें हें दिव्याच्या हातचें नव्हतें. चित्र जमलें नाहीं, कीं फरशी पुसावयाची, मांजरें पकडावयाचीं आणि दालींनीं पुन्हां उडी घ्यावयाची. मनाजोगें चित्र मिळेपर्यंत हें सारें २८ वेळां करावें लागलें.