धार कीं थेंब ?

श्रावणांत आपण अजिंठ्यास गेलां असाल, तर वाघोरेचा प्रपात आपण दोन जागांवरून पाहिला असेल. समोरच्या टेकडीवरून ती एक अखंड पांढरी धार दिसते. कुंडाजवळ उतरलें, कीं अंगावर येतात ते सुटे थेंब. धार खरी कीं थेंब खरे, असा वाद तेथें कोणी घालीत नाहीं. परंतु विद्युद्भारित वायूच्या शास्त्रांत हा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि त्याचा एक जुना पुरावा आपल्या मुंबईचा आहे.

या वायूला अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं 1928 सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून धन व ऋण कण वेगळे हिंडूं लागले, म्हणजे प्लाझ्मा झाला. सूर्यापासून तो सारखा वाहत असतो. पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरांत अवघे पांच-सहा प्रोटॉन. एकाची दुसऱ्याशीं टक्कर होण्यापूर्वीं तो कोट्यवधि किलोमीटर जातो. पाण्याचे रेणु एकमेकांवर सतत आदळतात, म्हणून त्यांची धार होते. येथें आदळणेंच नाहीं. मग याला प्रवाह तरी कोणत्या तोंडानें म्हणावें?

तरीही तसें म्हणून पुष्कळ भागतें. कारण चुंबकीय क्षेत्र. प्रत्येक कण क्षेत्ररेषेभोवतीं गिरक्या घेतो. प्रोटॉनच्या गिरकीची त्रिज्या तेथें सुमारें शंभर किलोमीटर. लाखों किलोमीटरांच्या हिशेबांत शंभराची काय मातबरी ? रेषेला बांधलेला तो थवा आडव्या दिशेनें पाण्यासारखा वागतो. हान्नेस आल्फव्हेन यांनीं 1942 सालीं ह्या विचारावर नवें गणित उभारलें. मौज अशी, कीं 1970 सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत त्याच्या सरसकट वापराविरुद्ध इशारा दिला तोही त्यांनींच !

आतां मुंबईचा पुरावा. 1 सप्टेंबर 1859 रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर ज्वाला दिसली. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें, आणि कुलाब्याच्या वेधशाळेंत आडवें चुंबकीय बल सुमारें 1,600 नॅनोटेस्लांनीं उतरल्याची नोंद झाली. एरवीं शंभर-दोनशेंची उतरण झाली तरी तें वादळ मोठें गणतात. 2003 सालीं त्सुरुतानी, लखिना प्रभृतींनीं ती नोंद पुन्हां उजेडांत आणली.

ही उतरण कशामुळें ? थेंबवाले सांगतात : पृथ्वीभोवतीं अडकलेले धन कण पश्चिमेकडे व इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकतात, म्हणून पश्चिमवाहिनी वलयधारा होते. धारवाले म्हणतात : वायूचा दाब बाहेरच्या बाजूस कमी होत जातो, त्या दाबाच्या उतारांतून ती धारा उपजते. हिशेब नीट केला, तर दोघांची बेरीज एकच येते. मात्र थेंबवाल्यांनीं शेजारच्या गिरक्यांतील न फिटलेली बाकीही जमेस धरली पाहिजे. ती विसरूनच पुष्कळ भांडणें होतात, असें माझें मत आहे.

पण कुलाब्याचें बल जितकें झपाट्यानें उतरलें, तितक्याच झपाट्यानें बरेंचसें सावरलें. वलयधारा इतक्या लवकर कशी ओसरेल ? म्हणून कांहीं संशोधक त्या उतरणीचा मोठा वांटा ध्रुवांकडून येणाऱ्या धारांना देतात, तर कांहीं अतिदाट प्लाझ्म्याच्या लोटास. येथें निव्वळ धारेचें गणित अपुरें पडतें. कोणते कण, किती ऊर्जेचे, केव्हां निसटले, हें मोजावेंच लागतें.

1859 सालीं कुलाब्यास मोजमाप होतें तें केवळ चुंबकसूचीचें. जानेवारी 2024 मध्यें आपलें 'आदित्य-एल 1' पृथ्वीपासून सुमारें पंधरा लाख किलोमीटरांवर पोंचलें. त्यांत क्षेत्र मोजणारें यंत्र आहे, आणि कण मोजणारेंही.