क्षमा आणि स्मरण
(सुवर्णमहोत्सव समारंभ, कोयनानगर : व्याख्यानाचा मजकूर)



संवत्सरीला प्रत्येक श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो व सर्वांना क्षमा करतो. साधारण त्याच सुमारास सातारा-सांगलीतील हुतात्म्यांचे स्मृतिदिन येतात. ज्या सत्तेने निःशस्त्र प्रजेवर गोळ्या झाडल्या, तिच्या बाबतीत क्षमेचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा सहज उभा राहतो.

कोयना कृष्णेला मिळते त्या कराडात २४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवरील मोर्चा शांततेने पार पडला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकला. तेथेही गोळी सुटली नाही. मात्र ९ सप्टेंबरला वडूज येथे परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात पंड्या व विष्णू बारपटे यांचे बलिदान झाले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या वेळच्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे हा जैन घराण्यातील तरुण ठार झाला आणि वसंतदादा जखमी झाले.

हुकूम परकीय सत्तेचा होता. बंदुका धरणारे हात मात्र बहुतांशी आपल्याच लोकांचे होते. पुढे प्रतिसरकारच्या काळात खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या बसल्या, हेही सत्यच आहे. १९४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत जीवनातून प्रकट झाले. त्यानंतर मारणाऱ्यांच्या व मार खाणाऱ्यांच्या घरांना एकाच गावात, एकाच बाजारपेठेत नांदायचे होते. तुरुंगातून पळताना ज्यांना गोळी लागली, तेच वसंतदादा १९७७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले.

व्यापाऱ्याच्या वहीत खाते मिटते, पण पान फाडले जात नाही. क्षमेचेही तसेच आहे. क्षमा म्हणजे वैराचा त्याग, सत्याचा नव्हे. काय घडले हे न सांगता मागितलेली किंवा दिलेली क्षमा हा केवळ उपचार ठरतो. प्रतिक्रमणातही दोषाची आलोचना आधी येते, शुद्धी नंतर. ही शिस्त व्यक्तीला लागू आहे, तशीच राज्यसत्तेलाही लागू व्हावी. मग ती सत्ता परकीय असो वा स्वकीय.

हुतात्मा स्मारकावर वर्षातून एकदा पुष्पहार चढतो. तेवढ्याने स्मरण टिकत नाही. विश्वस्तांनी पाठशाळेच्या मुलामुलींना दरवर्षी वडूज, इस्लामपूर व सांगली येथे न्यावे, वृद्धांकडून दोन्ही बाजूंची हकीकत ऐकवावी, आणि ती द्वेषाविना सांगण्यास शिकवावे. सुवर्णमहोत्सवी वर्षाची तीच खरी प्रभावना ठरेल.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.