तोट्यातल्या पेपरचे मालक

वर्षानुवर्षं तोट्यात चाललेलं दुकान आपण पैसे मोजून घेऊ का? वर्तमानपत्र असलं तर घेणारे निघतात. ‘न्यूयॉर्क पोस्ट’ला असे मालक कितीतरी मिळाले.

हा पेपर काढला अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी, 1801 साली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाशी दोन हात करायचे होते. म्हणजे जन्मच राजकारणाच्या पोटी! पुढे कवी विल्यम कलन ब्रायंट जवळजवळ पन्नास वर्षं संपादक राहिले आणि पेपरला घरंदाजपणा आला. मधली मालक मंडळी आपण सोडून देऊ.

1939 मध्ये डोरोथी शिफ या श्रीमंत बाईंनी तो घेतला. त्यांच्याच काळात तो आटोपशीर आकाराचा टॅब्लॉइड झाला, पण मतं उदारमतवादी राहिली. 1976 मध्ये त्यांनी तो माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांना विकला आणि पेपर उजवीकडे वळला. खून, लफडी, पानभर मथळे! दुसऱ्याच वर्षी महापौरपदाच्या निवडणुकीत त्यानं एड कॉच यांची तळी उचलली. पडलेल्यांत होते मारिओ कुओमो.

एकाच शहरात दैनिक आणि दूरचित्रवाणी केंद्र एका मालकाकडे नको, या नियमापायी 1988 मध्ये मर्डॉकना पेपर सोडावा लागला. तो एका बिल्डरकडे गेला, त्यांचं दिवाळं वाजलं. 1993 मध्ये ताबा आला एब हर्शफेल्ड यांच्याकडे. हे पार्किंगच्या धंद्यातले गब्बर गृहस्थ. त्यांनी संपादक पीट हॅमिल यांना काढलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी बंड केलं. अख्खा अंक मालकाच्या विरोधात छापला. पहिल्या पानावर हॅमिल्टन, डोळ्यांतून ओघळणारा अश्रू! मालकाच्याच कागदावर, मालकाच्याच शाईनं मालकाची अशी हजेरी क्वचितच कुणी घेतली असेल.

शेवटी पेपर वाचवायला पुन्हा मर्डॉकच आले. नियमातून खास सूट मिळवावी लागली, आणि ती मिळावी म्हणून धडपडणाऱ्यांत राज्याचे गव्हर्नर पुढे होते. गव्हर्नर कोण? तेच मारिओ कुओमो. त्यानंतरही पेपर बरीच वर्षं तोट्यातच चालला. मर्डॉकनी काही तो सोडला नाही.